नयी तालीम (सेवाग्राम)

हाताचा उद्योग आणि त्या उद्योगाची रोजची मोजणी यांतून मुलाला शिकवणारी शिक्षणपद्धती. वर्धा शिक्षण योजना, बुनियादी शिक्षण, मूलोद्योग शिक्षण या नावांनीही ती ओळखली जाते. महात्मा गांधींची ही कल्पना वर्ध्यात आकाराला आली आणि सेवाग्रामात वाढली. टकळी-चरख्याची शाळा एवढीच तिची ओळख मागे उरली आहे. ती अपुरी आहे, कारण टकळीशेजारची नोंदवही या पद्धतीत टकळीइतकीच महत्त्वाची होती.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. तिने झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विनोबा भावे, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, के. जी. सैयदैन, आर्यनायकम् ही मंडळी तिच्यात होती. २ डिसेंबरला समितीचा अहवाल तयार झाला. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली आणि पाठोपाठ हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. शांतिनिकेतनात काम केलेले आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने संघाचा भार उचलला. संघाचे ठाणे शेगाव येथे होते; या गावाला १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव मिळाले.

सात ते चौदा वयाच्या मुलांसाठी सात वर्षांचा, मातृभाषेतून शिकवायचा हा अभ्यासक्रम होता. शाळेच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला दिलेली होती. इतर विषयही शक्य तितके त्या उद्योगाला जोडून शिकवायचे होते. सूतकताई हा मुख्य उद्योग, आणि वर्धा हा कापसाचा मुलूख. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकोणिसाव्या शतकातच इंग्लंडच्या बाजारात पोचले होते. तेव्हा इथल्या मुलासाठी कापूस परका नव्हता. आईबापांच्या शेतात तो डोळ्यांसमोर वाढत होता.

सुताचे गणित जवळून पाहण्यासारखे आहे. चार फूट घेराच्या फाळक्यावर सुताचा एक वेढा म्हणजे एक तार. १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. सूत किती बारीक, हे त्याच्या अंकावरून कळते. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तितका अंक. गुंडीही साधारण तेवढ्याच लांबीची असते. आता ती तराजूत घाला. अडीच तोळे भरली तर सूत साधारण १६ अंकाचे, चार तोळे भरली तर १० अंकाचे. वजन वाढले की अंक उतरतो. व्यस्त प्रमाण फळ्यावर मांडण्याआधी मुलाच्या बोटांना कळलेले असते. पीळ कमी पडला की तार तुटते, जास्त झाला की सुताला आढ्या पडतात. रुई किती घेतली, सूत किती निघाले, वाया किती गेली, हे लिहिताना वजाबाकी येते आणि आपली चूक कुठे झाली तेही दिसते. हा आकडा मुलाने स्वतः निर्माण केलेला, त्यानेच मोजलेला आणि सर्वांत आधी त्याच्याच उपयोगाचा असे. या पद्धतीचे मोठेपण मला इथे दिसते.

साधनांवरही वर्ध्यात सतत काम चालू होते. मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद यांनी धनुष टकळी तयार केली. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी मगन संग्रहालयाचे उद्घाटन केले. खादी आणि ग्रामोद्योगांची अवजारे तिथे आजही पाहायला मिळतात.

धोका समितीला पहिल्या दिवसापासून दिसत होता. पैशाच्या बाजूवर भर देऊन शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेतील आणि शिक्षण मागे पडेल, असा इशारा तिच्या अहवालातच आहे. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा या अपेक्षेवर परिषदेतही आक्षेप आले. ते रास्त होते. नोंद मुलाच्या समजुतीसाठी न राहता ठरलेले सूत पुरे झाले की नाही हे तपासण्यापुरती उरली, तर टकळी यांत्रिक होते.

जानेवारी १९४५ मधील सेवाग्रामच्या परिषदेनंतर पूर्वबुनियादी, बुनियादी, उत्तरबुनियादी आणि प्रौढशिक्षण असा या पद्धतीचा विस्तार झाला. शेती, सफाई, सामुदायिक स्वयंपाक यांचे हिशेबही शिक्षणात आले. मार्जरी साइक्स यांनी सेवाग्रामात काही वर्षे काम केले आणि पुढे या प्रयोगाचा इतिहास लिहिला. स्वातंत्र्यानंतर मात्र सरकारी शाळांत मूलोद्योग हळूहळू एका तासापुरता आक्रसला आणि सेवाग्रामची शाळाही बंद पडली.

आज शाळेतल्या प्रत्येक मुलाची माहिती यू-डायस प्लससारख्या सरकारी प्रणालीत भरली जाते. शिक्षक ती भरतात आणि ती वर जाते. मुलाच्या हाती त्यातले फारसे काही येत नाही. पटसंख्या आणि गळती कळण्यासाठी ही माहिती हवीच. पण मुलाने स्वतःचे काम मोजून शिकण्याची जागा तिने भरून निघत नाही.

सेवाग्रामात २००५ पासून आनंद निकेतन ही शाळा नयी तालीमच्या वाटेने चालते. शेती, सूत आणि स्वयंपाक तिच्या शिक्षणाचा भाग आहेत. गावात जाऊन स्वतः नोंद करण्याची रीत याच गावातल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतही (स्थापना १९६९) दिसते. तिथले पहिल्या वर्षाचे विद्यार्थी दत्तक घेतलेल्या गावात शिबिरासाठी राहतात. प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपवली जातात. त्यांच्या आरोग्याची माहिती तो घरोघरी जाऊन लिहितो आणि पुढेही त्याच उंबरठ्यांवर जात राहतो.