कितवा कॅम्प?

विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेर रिक्षात बसून नुसते ‘उल्हासनगर’ म्हटले, तर रिक्षावाला विचारतो, ‘‘कितवा कॅम्प?’’ एक ते पाच यांतला आकडा सांगावाच लागतो. तिथे तंबू नाहीत, पलटण नाही. मग हा ‘कॅम्प’ आला कुठून?

शब्दाचे मूळ लॅटिनमधले ‘काम्पुस’, म्हणजे मोकळे मैदान. प्राचीन रोममध्ये युद्धदेव मार्सच्या नावाचे असे एक मैदान होते. तिथे तरुणांची लष्करी कवायत चाले. मैदानात उतरून लढणारा तो ‘चॅम्पियन’, मोकळ्या मुलखात सैन्याने काढलेली मोहीम ती ‘कॅम्पेन’, आणि कॉलेजचे आवार तो ‘कॅम्पस’. ही सगळी एकाच घरची भावंडे. सैन्याचा तळ या अर्थाने ‘कॅम्प’ इंग्रजीत सोळाव्या शतकात फ्रेंचमार्गे आला आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडे येऊन पुणे, देवळाली, मालेगाव अशा गावांना कायमचा चिकटला.

मराठीला शब्दांची वाण होती असे नाही. तळ, गोट, छावणी, शिबिर, मुक्काम असे कितीतरी शब्द आहेत. पण ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. रक्तदानाचे शिबिर भरते, छावणी नव्हे. दुष्काळात गुरांची छावणी उघडते, शिबिर नव्हे. राजकारणातली बातमी ‘आतल्या गोटातून’ येते. नाझींच्या कॅम्पसाठी मराठीने ‘छळछावणी’ असा अंगावर काटा आणणारा शब्द घडवला. शिबिराला माणूस आपणहून जातो आणि परतायचा दिवस आधीच ठरलेला असतो. छावणीत मात्र बहुधा नेऊन ठेवले जाते. शब्दकोश हे दोन शब्द शेजारीशेजारी छापून मोकळे होतात!

आता उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करासाठी मोठी छावणी उभारली होती. युद्ध संपले, बराकी ओस पडल्या. 1947च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख लोकांना याच बराकींत आणले गेले. शब्द तोच राहिला, अर्थ मात्र उलटा झाला. सैनिक कॅम्पात राहतो तेव्हा त्याचे घर दुसरीकडे कुठेतरी असते. या लोकांचे घर मागे सुटले होते आणि परतीची वाट बंद होती. सरकारी कागदांत ते ‘निर्वासित’ झाले, बोलण्यात ‘शरणार्थी’. अनेकांना हे शब्द झोंबत. ‘‘आम्ही शरणार्थी नाही, पुरुषार्थी आहोत,’’ असे ते म्हणत. प्रतिशब्द निवडण्यात माणसाचा मान कसा गुंतलेला असतो, याचे याहून चांगले उदाहरण वर्गात देता येणार नाही.

8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हास नदीवरून ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. पुढे नगरपालिका झाली, मग महानगरपालिका. शेजारच्या अंबरनाथचे नाव 1060 सालच्या शिवमंदिराशी जोडलेले. त्यापुढच्या बदलापूरला म्हणे प्रवासी घोडे बदलत, म्हणून ते नाव. गोष्ट खरी धरली तर तेही मुक्कामाचेच गाव!

आपल्या विद्यार्थ्यांना गावातले पत्ते गोळा करायला सांगून पाहा. उल्हासनगरच्या मुलांना ‘बराक क्रमांक’ सापडेल. ‘बराक’ हाही परकाच शब्द. स्पॅनिशमध्ये ‘बार्राका’ म्हणजे झोपडी. बराक पाडून तिथे चार मजली इमारत उभी राहिली, तरी पोस्टमन तोच क्रमांक शोधत येतो.