गाठ काढली, पुढे?

गुदाशयाच्या कॅन्सरबद्दल बोलायचं म्हटलं की आपल्याकडे आवाज आपोआप खाली येतो. "गाठ काढली, आता बरं आहे," इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं घरातल्या घरात राहतं. म्हणून मंडळी, आज त्या 'पुढच्या'चा थोडा इतिहास.

१९०८ साली लंडनचे सर्जन अर्नेस्ट माइल्स यांनी नवी शस्त्रक्रिया मांडली. आधीच्या पद्धतीने ऑपरेशन केलेल्या त्यांच्या ५७ रुग्णांपैकी ५४ जणांचा रोग उलटला होता. म्हणून त्यांनी पोटाकडून आणि खालून, दोन्हीकडून शिरून गुदाशय आणि गुदद्वार दोन्ही काढायला सुरुवात केली. रोग उलटणं कमी झालं, पण बदल्यात पोटावर शौचाचं कायमचं तोंड आलं. म्हणजेच स्टोमा. वास, गळती, सोललेली कातडी... हे रुग्णाने आणि घरच्यांनी निभवायचं.

यावर उपाय सुचला तो एका नर्सला. डेन्मार्कच्या एलिसे सोरेन्सनच्या बहिणीला स्टोमा झाला आणि ती घराबाहेर पडायला घाबरू लागली. १९५४ मध्ये एलिसेने कल्पना काढली: अंगाला चिकटणारी, वापरून टाकून द्यायची प्लास्टिकची पिशवी. कारखानदार आधी तयार नव्हता. त्याच्या बायकोने त्याला राजी केलं. तीही नर्सच!

पुढे गुदद्वार वाचवणाऱ्या शस्त्रक्रिया रुळल्या. १९८२ मध्ये इंग्लंडच्या बिल हील्ड यांनी गुदाशयाभोवतीचं चरबीचं आवरण अखंड काढण्यावर भर दिला. रोग तिथेच उलटण्याचं प्रमाण घटलं.

पिशवी टळली म्हणजे सुटलो? तसं नाही. गुदाशय ही साठवणीची जागा. तीच गेली की दिवसातून अनेकदा धावावं लागतं, वारा आवरत नाही, कधी कपडे खराब होतात. २०१२ मध्ये डेन्मार्कच्या डॉक्टरांनी हे मोजायला साधे पाच प्रश्न तयार केले. माइल्सनंतर शंभरावर वर्षांनी! त्याआधी २००५ च्या एका मोठ्या आढाव्यात, कायमची पिशवी असलेल्यांचं जगणं इतरांपेक्षा वाईटच असतं, असं ठामपणे म्हणता आलं नव्हतं.

मला यातून एवढंच कळतं, की पिशवी म्हणजे हार नव्हे आणि पिशवी नसणं म्हणजे जीत नव्हे. कुणी अशा आजारातून उठलं असेल तर नुसतं "बरं आहे ना?" विचारू नका. लग्नाला, प्रवासाला यायला अडचण काय येते, ते विचारा. आणि संडास कुठे आहे, ते आल्या आल्या दाखवा.