परसबागेत वेल फोफावला, पण फळ धरेना? वेल उपटण्याआधी फूल बघा

जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत लावलेले दुधी, दोडका, गिलके, काकडी, डांगराचे वेल होळीच्या सुमारास मांडवावर चढतात. पानं हिरवीगार, फुलंही भरपूर. पण फळाचा पत्ता नाही. 'बियाणं बोगस निघालं' म्हणत अनेक घरांत वेल उपटला जातो. पुढे एप्रिल-मेमध्ये भाजी विकत आणावी लागते. बऱ्याचदा बियाण्याचा दोष नसतो.

नर-मादी फूल कसं ओळखायचं?

या वेलांना नर आणि मादी फुलं वेगळी येतात. नर फुलं आधी लागतात, बारीक देठावर असतात आणि उमलून गळून पडतात. मादी फुलं काही दिवसांनी येतात. मादी फुलाच्या मागे बोटाएवढं किंवा त्याहून लहान फळ दिसतं. त्यामुळे सुरुवातीची गळ पाहून घाबरू नये.

फळ पिवळं पडून का गळतं?

मादी फुलावर परागकण पोहोचले नाहीत, तर मागचं फळ पिवळं पडून वाळतं. डांगर, काकडी, गिलके, कारली यांची फुलं सकाळी उमलतात. तिथे मधमाश्यांचं काम असतं. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. मधमाश्या कमी असतील तर हाताने परागीकरण करावं. ताजं नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलक्या हाताने टेकवा. डांगराचं काम सकाळी लवकर, दुधीचं दिवस मावळताना.

फळाला टोचल्याची खूण असेल, डिंक येत असेल आणि आत अळी दिसली, तर ती फळमाशी. अशी फळं उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात गाडावीत.

युरिया आवरा, पाणी सांभाळा

युरिया जास्त झाला की वेल नुसता पाल्यावर जातो. कडक ऊन आणि पाण्याचा ताण पडला तरी मादी फुलं कमी लागतात. शेणखत पुरेसं आहे. पाणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, बुंध्याशी द्यावं आणि आळ्यात पालापाचोळा किंवा उसाचं पाचट अंथरावं. ओल टिकते. भाजी, तांदूळ धुतलेलं पाणी वाया घालवू नये. घरात पाणी कमी असेल तर दहा वेल अर्धवट जगवण्यापेक्षा तीन-चारच नीट सांभाळावेत.

फुलझाडंही कामाची

वेलांजवळ झेंडू, तुळस असली की मधमाश्या येतात. मोगऱ्याला कळी नव्या फुटव्यावर लागते. म्हणून थंडी सरताना हलकी छाटणी करून शेणखत घातलेलं झाड उन्हाळ्यात चांगलं फुलतं.

फुलं उमललेली असताना वेलांवर विषारी फवारणी मात्र करू नये. मधमाशी मेली, की फळही गेलं.