इंकजेट कागदाचा पृष्ठभाग (कृष्णधवल छपाई)
कृष्णधवल छायाचित्रांच्या इंकजेट छपाईत काळ्या रंगाची गडदता मुख्यतः कागदाच्या पृष्ठभागावर अवलंबून असते. मॅट कागद प्रकाश विखुरतो. त्यामुळे काळा रंग किंचित करडा भासतो व त्याची कमाल परावर्तन घनता साधारणतः १.६ ते १.७ राहते. बेरियम सल्फेटचा थर असलेल्या, तुळतुळीत बराइटा कागदावर ती २ च्या वर जाते आणि छायेतील बारकावे स्पष्ट दिसतात; मात्र चकाकी पाहण्यात अडथळा आणू शकते. रंगद्रव्ययुक्त शाईच्या प्रिंटरमध्ये मॅट कागदासाठी मॅट ब्लॅक, तर चकचकीत कागदासाठी फोटो ब्लॅक शाई वापरतात. प्रकाशीय उजळके मिसळलेला कागद सुरुवातीस अधिक शुभ्र दिसतो, परंतु त्यांचा प्रभाव ओसरताच पिवळसर भासतो. म्हणून दीर्घकाळ जतन करावयाच्या प्रतींसाठी उजळकविरहित, आम्लमुक्त सुती कागद श्रेयस्कर मानला जातो.