तेलाच्या थेंबाचा माग

मोटारसायकल रात्रभर उभी असावी आणि सकाळीं ती हलवितांच तिच्या जागीं फरशीवर तेलाचा एक काळा डाग दिसावा, हा अनुभव विसाव्या शतकांतील कित्येक पिढ्यांच्या परिचयाचा आहे. तो डाग पाहून कोणी हळहळले, कोणी गाडीखालीं पत्र्याचें ताट सरकवून मोकळे झाले, आणि इंग्लंडांत तर त्याचा विनोद झाला. रॉयल एन्फिल्ड या नामांकित गाडीला तेथील लोक थट्टेनें ‘रॉयल ऑइलफील्ड’, म्हणजे तेलाची शाही खाण, म्हणूं लागले. परंतु ज्या दोषाची थट्टा होऊं लागते, तो दुरुस्त करण्याची निकड हळू हळू नाहींशी होते. ब्रिटिश मोटारसायकलीच्या इतिहासांत नेमकें हेंच घडलें. त्या डागाचा माग काढीत गेलें म्हणजे तो यंत्रापाशीं थांबत नाहीं. तो कारखान्यापर्यंत आणि तेथून संचालकांच्या बैठकीपर्यंत जाऊन पोंचतो.

प्रारंभीच्या इंजिनांत गळती हा दोष नव्हताच. ती रचनेचाच एक भाग होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेलाच्या टाकीला एक हातपंप जोडलेला असे. चालकानें दर कांहीं मैलांनीं तो दाबावयाचा, थोडेंसें तेल इंजिनांत जावयाचें, आणि आपलें काम करून तें जळून तरी जावयाचें किंवा सांध्यांतून रस्त्यावर तरी ठिबकावयाचें. एकदां गेलेलें तेल परत येत नसे. पुढें इंजिनाच्याच गतीनें चालणारे पंप आले आणि १९३० च्या सुमारास तेंच तेल टाकींतून इंजिनांत व इंजिनांतून पुन्हां टाकींत फिरविण्याची पद्धति बहुतेक चांगल्या गाड्यांत रूढ झाली. पूर्वीं उघडी असलेली झडपांची यंत्रणाहि झांकणाखालीं आली व तिलाहि नियमित तेल मिळूं लागलें. यामुळें यंत्राचें आयुष्य वाढलें. परंतु तेल फिरूं लागतांच तें कोंडून ठेवण्याची जबाबदारीहि आली. प्रत्येक नवें झांकण म्हणजे एक नवा सांधा, आणि प्रत्येक सांधा म्हणजे तेलाला बाहेर पडण्याची एक नवी वाट होती.

अशा वेळीं, १९३७ सालीं, एडवर्ड टर्नर या अभियंत्यानें ट्रायंफ कंपनीसाठीं ‘स्पीड ट्विन’ ही गाडी तयार केली. तिच्या सुमारें ५०० घनसेंटिमीटरच्या इंजिनांत दोन सिलिंडर शेजारीं शेजारीं उभे होते. गाडी हलकी, देखणी व वेगवान होती. पुढें तीस वर्षें बहुतेक ब्रिटिश कारखान्यांनीं तिचाच कित्ता गिरविला. तिच्या इंजिनाची खालची पेटी, म्हणजे क्रँककेस, उजव्या व डाव्या अशा दोन अर्धुकांची असे. दोहोंमधील उभा सांधा थेट तळापर्यंत उतरे. झडपांना ढकलणाऱ्या सळयांच्या नळ्या वरच्या व खालच्या टोकांशीं निराळ्या बसविलेल्या असत, आणि माथ्यावरील झांकणांच्या टोपणांचे आटे इंजिनाच्या कंपनानें सैल होत. शिवाय या रचनेंत दोन्ही पिस्टन एकाच वेळीं वर जात व एकाच वेळीं खालीं येत. त्यामुळें खालच्या पेटींतील हवा भात्याप्रमाणें क्षणोक्षणीं दाबली जाई. ती हवा ठराविक क्षणीं बाहेर सोडण्यासाठीं टर्नरनें कॅमशाफ्टच्या टोकाशीं एक फिरती झडप ठेविली होती. तिला ब्रीदर म्हणतात. ही वाट तुंबली, किंवा पिस्टनच्या रिंगा झिजून जळता वायु खालीं उतरूं लागला, म्हणजे कोंडलेली हवा मिळेल त्या सांध्यांतून तेलाला बाहेर रेटी.

यावरून गळती शोधण्याचें शास्त्र कसें असावें हें कळतें. अडाणी मनुष्य जेथें थेंब दिसतो तेथील नट आवळतो. परंतु तेल वरून खालीं ओघळतें, आणि गाडी धांवतांना समोरचा वारा तें मागें लोटीत नेतो. यामुळें पुढच्या बाजूच्या सांध्यांतून निघालेलें तेल मागच्या चाकापाशीं थेंब होऊन पडतें. जाणता मिस्त्री म्हणून प्रथम कांहींच आवळीत नाहीं. तो सारें इंजिन रॉकेलनें धुवून कोरडें करतो, त्यावर खडूची बारीक पूड किंवा टाल्कम पावडर उडवितो, आणि इंजिन थोडा वेळ चालवून पांढऱ्या पुडीवर काळी रेघ सर्वांत वर व सर्वांत पुढें कोठें उमटते तें पाहतो. मूळ बहुधा तेथें असतें. कधीं कधीं गळती मुळीं नसतेच. गाडी बरेच दिवस उभी राहिली म्हणजे टाकींतील तेल पंपांतून झिरपून खालच्या पेटींत सांचतें व इंजिन सुरू होतांच ब्रीदरमधून ओकलें जातें. अशा वेळीं सांधा उघडणें व्यर्थ. पंपांतील झडप व तिची बैठक तपासली पाहिजे.

दुरुस्तीचाहि क्रम ठरलेला आहे. आधीं ब्रीदर मोकळा करावा, मग रिंगांची झीज पाहावी, आणि त्यानंतरच सांध्याकडे वळावें. सांधा उघडल्यावर झांकणाची कड सपाट आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं जाड काचेवर बारीक एमरी कागद पसरून झांकण त्यावर हलक्या हातानें फिरवितात. जेथें घांस लागत नाहीं तेथें खळगा आहे असें समजावें. वर्षानुवर्षें नट जोरानें आवळल्यामुळें भोंकांच्या कडा उंचावलेल्या आणि मधला भाग दबलेला असतो. म्हणजे गळती थांबविण्यासाठीं लावलेला जोरच पुष्कळदां गळतीचें कारण ठरतो. कड सपाट झाल्यावर नवें पॅकिंग घालून नट थोडे थोडे, समोरासमोरचे, सारख्या जोरानें बसवावे. शेलॅकसारखा चिकट पदार्थ पातळ फांसावा. तो जाड थापला तर त्याचे तुकडे आंत सुटून तेलाची बारीक वाट बंद करतात, आणि बाहेरचा डाग पुसण्याच्या नादांत आंतील बेअरिंग जळून जातें.

आतां इतिहासाकडे वळलें म्हणजे तेथेंहि थेंब पाहून नट आवळणारे पुष्कळ भेटतात. ब्रिटिश गाड्या गळत, कारण त्यांचा सांधा उभा होता, असें सर्रास सांगितलें जातें. यांत तथ्य आहे, पण अर्धेंच. जपानच्या होंडा कंपनीनें १९६९ मध्यें विक्रीस आणलेल्या ‘सी-बी ७५०’ या चार सिलिंडरांच्या गाडीचा सांधा आडवा होता, तेल त्यावर सांचून राहत नसे आणि इंजिन कोरडें राही, हें खरें. परंतु त्याच कंपनीच्या १९५८ च्या ‘सुपर कब’ या लहान गाडीची पेटी उजव्या-डाव्या अर्धुकांचीच होती. भारतांत १९८५ पासून खपलेल्या ‘हिरो होंडा सी-डी १००’ चीहि तशीच होती. तरी त्यांच्याखालीं कोणी ताट ठेविलें नाहीं. सांधा उभा असणें हा गुन्हा नव्हता. दोन कडा एकमेकींशीं तंतोतंत जुळेनात, हा होता.

त्या कां जुळेनात, याचें उत्तर कारखान्यांतील यंत्रांत आहे. १९५२ सालीं, युद्धांत पोळलेल्या जपानांत, सोइचिरो होंडा यांनीं अमेरिका व युरोपमधून ४५ कोटी येनचीं नवीं यंत्रें मागविण्याचें ठरविलें. ही रक्कम त्यांच्या कंपनीच्या भांडवलाच्या कित्येक पट होती. याच काळांत ब्रिटिश कारखाने झिजलेल्या जुन्या यंत्रांवर काम काढीत होते. अमेरिकेंत गाड्या खपत होत्या, नफा होत होता; मग नव्या यंत्रांवर खर्च कशासाठीं, असा हिशेब होता. १९६० सालीं स्वतः टर्नर जपानला जाऊन तेथील कारखाने पाहून आला आणि तेथील उत्पादनाचा अवाढव्य पसारा त्यानें आपल्या वरिष्ठांना कळविला. पुढच्याच वर्षीं आइल ऑफ मॅनच्या शर्यतींत होंडाच्या गाड्या दोन वर्गांत पहिल्या आल्या. तरीहि लहान गाड्यांचें क्षेत्र जपान्यांना सोडून द्यावें व आपण मोठ्या गाड्यांवर नफा कमवावा, याच धोरणानें ब्रिटिश उद्योग मागें मागें सरत गेला. ब्रिटिश सरकारसाठीं बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपनें १९७५ मध्यें केलेल्या पाहणींतहि हेंच निदान आहे.

त्याचें मोल कामगारांनीं मोजलें. कॉव्हेंट्री येथील ट्रायंफचा कारखाना १९४० च्या बाँबहल्ल्यांत उध्वस्त झाल्यावर मेरिडेन येथें नवा उभारला गेला होता. तो बंद करण्याची घोषणा १९७३ च्या सप्टेंबरांत होतांच कामगारांनीं आंतून ठाण मांडलें. दीड वर्षाच्या झगड्यानंतर १९७५ मध्यें सरकारी कर्ज मिळून त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. परंतु त्यांच्या हातीं आलें तें तेंच जुनें इंजिन आणि तींच जुनीं यंत्रें. १९८३ मध्यें ती संस्था बुडाली. त्यानंतर जॉन ब्लूर यांनीं ट्रायंफचें नांव विकत घेतलें, हिंकली येथें नव्या यंत्रांनिशीं नवा कारखाना उभारला, आणि १९९१ पासून त्याच नांवाच्या गाड्या पुन्हां विकल्या जाऊं लागल्या. देश तोच, नांवहि तेंच. पण नव्या इंजिनांना डागाचा जुना लौकिक चिकटला नाहीं. गळतीचें निदान यावरून पटावें.

भारतांत या कथेचा एक धागा अधिक काळ टिकला. १९५५ मध्यें मद्रासला एन्फिल्ड इंडियाची स्थापना झाली आणि ‘बुलेट’ येथें तयार होऊं लागली. इंग्लंडांतील मूळ कंपनी १९७० पर्यंत मिटली. पण बुलेटचें बिडाचें इंजिन येथें एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालत राहिलें. महाराष्ट्रांतहि पोलिसांपासून बागाइतदारांपर्यंत अनेकांनीं ती वापरली, आणि ती कोरडी ठेवण्याचें काम गांवोगांवच्या मिस्त्र्यांच्या बोटांवर राहिलें. त्यांच्यापैकीं जो खरा जाणकार असे, तो गाडी पुढें येतांच पाना उचलीत नसे. आधीं चिंधी मागून घेई, इंजिन स्वच्छ पुसून काढी, आणि ब्रीदरच्या रबरी नळीला बोट लावून ती मोकळी आहे कीं नाहीं हें पाही. कारखानदारांना जें नव्या यंत्रांवांचून साधलें नाहीं, तें त्यानें एकेका गाडीपुरतें, काच व एमरी कागद घेऊन, हातानें साधलें.