चौकटीवरचा जवस : सक्करदऱ्याच्या जुन्या दारांचा इतिहास (धागा)

सक्करदऱ्यातील एखाद्या जुन्या घरात दिवाळीपूर्वी रंगकाम निघाले की भिंती दोन दिवसांत आटोपतात. खोळंबा होतो तो चौकटी, झडपा आणि खिडक्यांच्या लाकडी पट्ट्यांपाशी. तिथे रंगाचे थरावर थर चढलेले असतात. भिंतीचा इतिहास चुन्याचा, तर चौकटीचा तेलाचा. हा धागा त्या तेलाविषयी आणि त्यात मिसळलेल्या शिशाविषयी आहे.

सक्करदरा ही मुळात नागपूरकर भोसल्यांची बाग. तुळशीबाग, सोनेगाव, तेलंगखेडी यांच्या पंक्तीत तिचे नाव येते. भोसल्यांचा महालातील राजवाडा काळ्या दगडाचा आणि लाकडी कोरीवकामाने नटलेला होता. १८६४ साली तो आगीत गेला आणि नगारखान्याचा दरवाजा तेवढा मागे राहिला. वाड्यांतील सागवानी खांब, तुळया आणि गणेशपट्ट्या त्या काळी बहुधा रंगवत नसत. त्यांना ‘तेलपाणी’ करीत. लाकूड लाकडासारखे दिसावे, ही त्यामागची दृष्टी. लाकूड पूर्ण झाकणारा डब्यातला तैलरंग घराघरांत रुळला तो इंग्रजी अमलात, बंगले, कचेऱ्या आणि रेल्वे स्थानके यांच्या मागोमाग.

त्या रंगाचा प्राण म्हणजे जवसाचे तेल. होय, विदर्भात ज्याची चटणी खातात तोच जवस! तिळाचे किंवा शेंगदाण्याचे तेल लाकडाला लावले तर ते चिकटच राहते. जवसाचे तेल मात्र हवेतील ऑक्सिजन शोषून हळूहळू घट्ट होते आणि त्याचा कातडीसारखा पापुद्रा बनतो. ही क्रिया लवकर व्हावी म्हणून ते धातूंची संयुगे घालून तापवीत. रंगारी ज्याला ‘बेलतेल’ म्हणतात ते हेच. खडूची पूड या तेलात मळली की ‘लांबी’ तयार होते. म्हणजे भेगा बुजवण्यापासून शेवटच्या हातापर्यंत चौकटीवर सर्वत्र जवसच होता.

आता १८५४ हे साल पाहा. वारस नसल्याचे कारण दाखवून डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले ते याच वर्षी, आणि क्रिमियाच्या युद्धात ब्रिटन रशियाविरुद्ध उतरला तोही याच वर्षी. ब्रिटनच्या तेलगिरण्यांना जवस पुरवणारा मोठा देश रशियाच होता. तो पुरवठा अडताच व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानी जवसाकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, आणि मध्य प्रांतातल्या काळ्या मातीतला जवस मुंबईमार्गे सातासमुद्रापार जाऊ लागला. हल हे इंग्लंडमधील बंदर तेलबिया गाळण्याचे आणि रंगनिर्मितीचेही मोठे केंद्र होते.

निर्यात मुख्यतः बियांची होत असे, तेलाची नव्हे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यामुळे गाळण्याचा धंदा तिकडे गेला आणि पेंडही तिकडच्या गुरांच्या दावणीत पडली. नागपूरचा आर्थिक इतिहास सांगताना आपण कापूस आणि एम्प्रेस मिल यांवर थांबतो. जवसाला त्यात जेमतेम एखादी ओळ मिळते, हे मला अन्यायाचे वाटते.

तेलाबरोबर आले शिसे. मराठीला ते अपरिचित नव्हते. सफेदा, शेंदूर, मुर्दाडशिंग ही तीन नावे एकाच धातूच्या तीन रूपांची. सफेद्याने रंग दाट आणि टिकाऊ होई, शेंदूर लोखंडी गजांना अस्तर म्हणून लागे, तर मुर्दाडशिंगाने तेल लवकर वाळे. गुण इतके, की दोषाकडे काणाडोळा झाला.

तो दोष घराच्या चौकटींशी जोडून दाखवणारा पुरावा आला नागपूरसारख्याच उष्ण प्रदेशातून. १९०४ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे नेत्रवैद्य लॉकहार्ट गिब्सन यांनी लिहिले की तिथल्या मुलांना होणाऱ्या शिसेबाधेचे मूळ व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांत आणि खोल्यांच्या रंगात आहे. उन्हाने रंगाची भुकटी होते, ती मुलांच्या बोटांना लागते आणि बोटे तोंडात जातात. १९२१ मध्ये जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने इमारतींच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरू नये असा करार संमत केला. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. दोहोंमध्ये जवळजवळ शतकाचे अंतर आहे.

दरम्यान जवसही मागे पडला. विसाव्या शतकात कृत्रिम अल्किड राळेचे एनॅमल रंग आले, आणि त्या राळेसाठी सोयाबीनचे तेलही चालू लागले. विदर्भाच्या शेतांतही जवस आक्रसला आणि सोयाबीन पसरले. (हंगाम वेगळे असल्याने एकाने दुसऱ्याला थेट हुसकावले असे म्हणता येत नाही, पण योगायोग बोलका आहे.) दुकानात आजही आपण ‘ऑइल पेंट’च मागतो.

म्हणून या दिवाळीत जुनी चौकट रंगवणार असाल तर एवढे पाळा. थर घट्ट बसलेले असतील तर ते खरवडूच नयेत. वरून हलका हात फिरवून नवा रंग द्यावा. पोपडे सुटले असतील तर पृष्ठभाग ओला करूनच काचकागद लावावा. दिव्याच्या ज्योतीने रंग जाळू नये, कारण त्या धुरातही शिसे असते. पडलेली भुकटी केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने टिपावी. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. रंगाऱ्यालाही धूळ अडवणारा चांगला मास्क द्यावा. तोंडाला बांधलेला रुमाल ही भुकटी थोपवू शकत नाही, आणि तो माणूस हंगामात असे काम घरोघर करीत असतो.