'पेसातले' गाव कोण ठरवतो?

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात एक गाव 'पेसात' असते आणि त्याच तालुक्यातले दुसरे नसते. हा फरक १९९६च्या पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांत पंचायत व्यवस्था नेणाऱ्या कायद्याने, केलेला नाही. तो कायदा लागू होतो अनुसूचित क्षेत्राला, आणि क्षेत्र कोणते ते ठरते राष्ट्रपतींच्या आदेशाने. महाराष्ट्रापुरता तो आदेश २ डिसेंबर १९८५चा. त्यात जव्हार, मोखाडा, सुरगाणा असे अख्खे तालुके आहेत. जुन्नर-आंबेगावातली मात्र नावनिशीवार गावे.

या अधिकाराचे मूळ राज्यघटनेच्या अनुच्छेद २४४(१) आणि पाचव्या अनुसूचीच्या परिच्छेद ६ मध्ये आहे. तिथली व्याख्या स्वतःभोवतीच फिरते : राष्ट्रपती जे क्षेत्र अनुसूचित म्हणून घोषित करतील, ते अनुसूचित क्षेत्र. लोकसंख्येची टक्केवारी नाही, की कसलाही निकष नाही. आदिवासींचे प्राबल्य, प्रदेशाचा सलगपणा व पुरेसा आकार, अविकसितपणा, आर्थिक स्थितीतली ठळक तफावत हे निकष ढेबर आयोगाने १९६०-६१ मध्ये मांडले. शासन त्यांवर चालते, पण घटनेच्या मजकुरात ते नाहीत.

खरी मेख मात्र पुढच्या उपपरिच्छेदात आहे. १९५०च्या मूळ मजकुराप्रमाणे राष्ट्रपतींना क्षेत्र वगळता येत होते, सीमा दुरुस्त करता येत होत्या. वाढवता येत नव्हते. राज्यांच्या सीमा बदलल्या किंवा नवे राज्य झाले, तर आधी कोणत्याच राज्यात नसलेल्या प्रदेशापुरता अपवाद होता. एरवी पहिला आदेश नंतरच्या आदेशाने बदलायचा नाही, असेही बजावून ठेवले होते. म्हणजे दार फक्त बाहेर उघडणारे. १९३५च्या भारत सरकार कायद्यातल्या 'वगळलेल्या' व 'अंशतः वगळलेल्या' क्षेत्रांचा हा वारसा हळूहळू ओसरेल, अशी अपेक्षा यामागे असावी, असे मला वाटते.

ती फोल ठरली. पाचव्या पंचवार्षिक योजनेत आदिवासी उपयोजना आली. तिचे क्षेत्र आणि अनुसूचित क्षेत्र यांचा मेळ बसेना. म्हणून १९७६ मध्ये संसदेने दोन अधिकार जोडले : क्षेत्र वाढवणे, आणि एखाद्या राज्याचे जुने आदेश रद्द करून नव्याने आखणी करणे. यासाठी साधा कायदा पुरला, कारण परिच्छेद ७ प्रमाणे असा बदल अनुच्छेद ३६८ खालची घटनादुरुस्ती समजला जात नाही. महाराष्ट्राचा १९८५चा आदेश या नव्या दारातून आला.

तरीही पारडे कललेलेच राहिले. क्षेत्र वाढवायचे तर राज्यपालांशी सल्लामसलत हवी; नुसते वगळायचे तर परिच्छेद ६ तेवढीही मागत नाही. ग्रामसभेला विचारण्याचे बंधन तर दोन्हींकडे नाही. याउलट अनुच्छेद ३४२ खाली अधिसूचित झालेल्या जमातीला यादीतून काढायला संसदेचा कायदा लागतो. माणसांच्या यादीला जे संरक्षण, ते त्यांच्या जमिनीच्या यादीला नाही.

क्षेत्र ठरवणारा सगळीकडे एकच नाही : ईशान्येकडे, सहाव्या अनुसूचीत, स्वायत्त जिल्हे पाडण्याचा अधिकार राज्यपालांकडे आहे. खासी-जैंतिया टेकड्यांमधून जोवाई जिल्हा वेगळा करण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६५ मध्ये न्यायालयाने तो अधिकार मान्य केला.

जमातींची यादी आणि अनुसूचित क्षेत्र या दोन गोष्टी किती सुट्या आहेत, हे गोव्यात दिसते. गावडा, कुणबी आणि वेळीप २००३ मध्ये संसदेच्या कायद्याने अनुसूचित जमाती ठरले. अनुसूचित क्षेत्राच्या आदेशात मात्र गोव्यातले एकही गाव नाही.